माझं कोपर आणि अबू मुतलकचा रबाबा

सौदीतल्या हाइलच्या बाजारात मला आजवर दोनच माणसांनी फसवलं. पहिल्याने मला पितळेची म्हणून रंग दिलेली लोखंडी किटली विकली. तेव्हा मी नवा होतो, म्हणून त्याला माफ केलं. दुसरा अबू मुतलक. त्याला माफ करायचा प्रश्नच येत नाही, कारण तो दर शुक्रवारी मला भेटतो आणि वर मलाच बोलतो.

अंकाच्या संपादिकाबाईंनी धंद्यातले अनुभव लिहा म्हणून कळवलं, तेव्हा त्यांना बहुतेक माझी प्रगती हवी असणार. ती एका दमात सांगून टाकतो. रत्नागिरीकडच्या खाडीकाठच्या गावातून आलो, गोदामात गोणी उचलल्या, मग हराजमध्ये, म्हणजे इथल्या जुन्या वस्तूंच्या बाजारात, जमिनीवर चादर पसरून वापरलेली ब्लँकेटं विकली. पुढे दुकान झालं. आधी मालक कफील, म्हणजे कागदोपत्री जामीन राहणारा सौदी, आणि डोकं माझं होतं. आता कायदे बदलले, दोन्ही माझं आहे. झाली प्रगती. आता तक्रारीकडे वळतो.

माझ्या दुकानात जुन्या गोष्टी मिळतात: कॉफीच्या किटल्या, उंटाची खोगिरं, लाकडी दारं, कंदील. यातलं काय खरंच जुनं आणि काय चहाच्या पाण्यात बुडवून जुनं केलेलं, हे विचारू नये. विचारणाऱ्याला मी खरं सांगतो, पण विचारतं कोण? गिऱ्हाइकाला जुनं हवं असतं, खरं नको असतं.

या धंद्याचं सगळं शास्त्र एका ओळीत आहे: नावं ठेवतो तो घेतो, वाहवा करतो तो जातो. एखादा माणूस दुकानात शिरून "वा, काय सुंदर किटली!" म्हणाला की मी गल्ल्यावरून उठतसुद्धा नाही. तो फोटो काढणार, माझा चहा पिणार आणि जाणार. पण जो किटली हातात घेऊन तोंड वाकडं करतो, "बूड हललंय, कान डागलाय, ही कोण घेणार?" म्हणतो, त्याला मी खुर्ची देतो. तो ती मनातल्या मनात घरी नेऊन चुलीवर चढवून आलेला असतो.

विकत घेताना हाच नियम मी दुसऱ्या अंगाने वापरतो. गावागावांत बदूंच्या, म्हणजे इथल्या वाळवंटी टोळीवाल्यांच्या, घरी जातो आणि जे हवं असेल त्याला भरपूर नावं ठेवतो. इथे त्याचा आणखी एक फायदा आहे. बदूच्या बैठकीत बसून त्याच्या एखाद्या वस्तूची तारीफ केलीत, तर तो ताबडतोब "जाक" म्हणतो. म्हणजे घे, तुझं झालं. तो मनापासून म्हणतो, आणि आपण मनापासून नको म्हणायचं असतं. घेतलीच, तर ती भेट झाली, आणि भेट आलेली वस्तू विकली तर तुमचं नाव साऱ्या जमातीत खराब होतं. म्हणून मी कुणाच्या घरात कशाचीही तारीफ करत नाही. लोक त्याला माझा उद्धटपणा समजतात. खरं तर ती सभ्यता आहे, आणि माझा दरही त्यातच सांभाळला जातो.

आता रबाबा. न पाहिलेल्यांसाठी सांगतो: लाकडाची चौकट, पाटीएवढी, दोन्ही बाजूंनी बकरीचं कातडं ताणून शिवलेलं. तिच्यातून आरपार गेलेला एक दांडा, खाली त्याचं टोक बाहेर आलेलं. एकच तार, तीही घोड्याच्या शेपटीच्या केसांची. वाजवायला वाकड्या काठीचा गज, त्यालाही घोड्याचेच केस. बस. एवढ्या सामानावर बदू रात्र रात्र कविता गात बसायचे. आता ते टीव्ही बघतात, आणि रबाबा हॉटेलांच्या भिंतीवर असतो.

मी पंधरा वर्षं रबाबे विकले. ते रियाधच्या एका कारखान्यातून प्लायवूडचे यायचे. मी त्यांना चहाचा रंग द्यायचो, कातड्यावर वॉर्निश मारायचो. गजाचे केस मात्र कोरडे, विस्कटलेले दिसायचे. कोकणी माणसाला जे कोरडं दिसतं त्याला तो खोबरेल लावतो, मग ते डोकं असो, बिजागरी असो, नाहीतर तान्हं पोर. मी प्रत्येक गजाला छान खोबरेल चोळायचो. केस असे चमकायचे की बायकांनी हेवा करावा. पंधरा वर्षांत एकाही गिऱ्हाइकाची तक्रार आली नाही, कारण एकानेही वाजवून पाहिला नाही.

वाजवून पाहिला तो अबू मुतलकने. किडकिडीत म्हातारा, दाढी मेंदीने तांबडी, कंदिलाची काच घ्यायला आला होता. भिंतीवरच्या रबाबावर नजर गेली, तसा गज उचलला आणि तारेवर ओढला. काहीच झालं नाही. पुन्हा ओढला. साबण लावलेल्या काचेवरून बोट फिरवावं तसा गज नुसता घसरत होता. त्याने तो नाकाशी नेला, वास घेतला आणि माझ्याकडे पाहिलं.

"सादिक, याला काय लावलंस?"

सादिक म्हणजे मित्र, पण इथे नाव विचारायचा कंटाळा आला की सगळ्या हिंदुस्थानी माणसांना हेच म्हणतात.

"तेल. नारळाचं."

"गजाला राळ लावतात. केस तारेला धरायला हवेत, सुटायला नकोत." मग भिंतीवरचे बाकीचे सहा पाहून म्हणाला, "सगळ्यांना लावलंस?"

"सगळ्यांना."

तो इतका हसला की त्याला स्टुलावर बसावं लागलं. माझं डोकं तापलं. कंदिलाच्या काचेचा भाव मी तिथल्या तिथे दुप्पट केला. तो ती न घेताच उठला. दारात वळून म्हणाला, "माझ्या रबाबाने माझ्या बापापासून राळेशिवाय काही पाहिलेलं नाही. आणि तू विकतोस ते तुला धरताही येत नसेल."

अपमान मी ऐकला, पण माझ्या कानांनी दुसरंच उचललं: बापापासून. त्याच आठवड्यात रियाधहून निखिलचा फोन आला होता. निखिल पुण्याचा, हॉटेलांची सजावट करतो, बोलायला गोड. "काका, मला ऑथेंटिक पीस हवाय. रिसेप्शनच्या मागे, वर स्पॉटलाइट. तुमचे ते प्लायवूडवाले नकोत प्लीज. आमचा क्लायंट सौदी आहे, त्याला कळतं." मी म्हणेन ती किंमत तो द्यायला तयार होता. अशी संधी माझ्या धंद्यात दहा वर्षांत एकदा येते.

पुढच्या जुम्म्याची नमाज झाल्यावर मी अजा डोंगराच्या पायथ्याशी अबू मुतलकच्या वाडीत हजर झालो. खजुराची चाळीस झाडं, मेंढ्या, आणि मध्ये चूल असलेली एका खोलीची बैठक. भिंतीवर रबाबा. चौकटीचं लाकूड खजुरासारखं काळं, दांड्यावर नेमक्या एका जागी बोटांनी झिजून झालेला खळगा. अशी झीज चहाच्या पाण्याने येत नाही.

मी तोंड वाकडं केलं. "कातड्याला ठिगळ आहे."

"आहे," अबू मुतलक म्हणाला.

"खुंटी वाकडी. तंबूच्या खुंटीची बनवलेली दिसते."

"तंबूचीच आहे. आणखी?"

"दांडा चिकट. तार एका बाजूला जाड. कोण घेणार हा?"

"मग तू कशाला आलास?"

"तुमची अडगळ कमी करावी म्हणून."

तो गालात हसला. "कॉफी ओत," म्हणाला. "धाकट्याने ओतायची असते." मी अठ्ठावन्न वर्षांचा. यजमानाच्या घरात पाहुण्याने कॉफी ओतायची हे मी पहिल्यांदाच ऐकत होतो, पण सौदा करायचा होता, म्हणून ओतली. मग त्याने अट घातली. "ज्याला धरता येत नाही त्याच्याशी मी भावाचं बोलत नाही. आधी धरायला शीक. मग बोलू."

मला वाटलं, धरायचं काय त्यात? तासाभराचं काम. निखिलला फोन करून सांगितलं, पंधरा दिवसांत पाठवतो.

तीन शुक्रवार गज हातातच आला नाही. मांडी घालून बसायचं, खालचं टोक मांडीवर टेकवायचं, दांडा डाव्या हाताच्या अंगठ्याच्या आणि पहिल्या बोटाच्या बेचक्यात नुसता उभा ठेवायचा. पकडायचा नाही. मी पकडत होतो.

"सोड," अबू मुतलक म्हणे.

"सोडला तर पडेल."

"पडणार नाही. तुला वाटतं कुणी हिसकावून नेईल. बाजारात आहेस का तू?" मग उजवं कोपर पाहून: "कोपर! पंख तुटलेल्या कोंबडीसारखं काय धरतोस? सैल!"

चौथ्या शुक्रवारी गज मिळाला. गज ओढण्यापूर्वी कातडं चुलीच्या धगीसमोर फिरवून ताणून घ्यावं लागतं, नाहीतर आवाज ओल्या गोणपाटासारखा येतो. बोटंसुद्धा तारेवर दाबायची नसतात. खाली पट्टीच नाही, दाबणार कशावर? तार हवेत असते, तिला बोटाने फक्त बाजूने टेकायचं. जरा जोर केला की सूर किंचाळतो. मी आयुष्यभर जोर करूनच जगलोय. मला हे झेपेना.

घरी सरावाला मी दुकानातलाच एक रबाबा घेतला. गजाचं खोबरेल भांड्याच्या साबणाने तीनदा धुतलं तरी जाईना, शेवटी नवे केस लावून राळ घासली. माझी बायको जुबेदा स्वयंपाकघरातून ओरडायची, "अवो, त्या बकरीला एकदाची हलाल तरी करा! किती वेळ मान दाबून बसलाव!"

"हा धंदा आहे," मी म्हणायचो.

"कसला धंदा? पैसे कोण देतंय, शेजारी? थांबवायचे?"

मात्र म्हाताऱ्याचं नावं ठेवणं चालू होतं, आणि मला आतून बरं वाटत होतं. माझ्या हिशोबाने तो भाव चढवायची तयारी करत होता. त्याचं त्याने करावं, मी माझं करत होतो. तो माझ्या मनगटाला नावं ठेवायचा, मी त्याच्या ठिगळाला. एकदा कॉफी ओतता ओतता मी त्याला माझं ते शास्त्रही सांगून टाकलं: नावं ठेवतो तो घेतो, वाहवा करतो तो जातो. धंद्याचं गुपित असं उघडं करू नये, पण तो विचारत होता आणि मला मिरवायचं होतं.

"नेहमी?" त्याने विचारलं.

"नेहमी. एकदाही चुकलेलं नाही."

त्याने चुलीतला निखारा सारखा केला. मग म्हणाला, "चांगलं शास्त्र आहे," आणि मला पुन्हा कोपरावरून बोलला.

मधल्या काळात एक गोष्ट माझ्या लक्षात यायला हवी होती. तो स्वतः कधी वाजवायचा नाही. मी गज ओढायचा आणि तो त्याच्यावर जुन्या ओळी म्हणायचा. उंटिणीवर, दुष्काळावर, पाहुणा येऊन गेल्यावर थंड पडलेल्या चुलीवर. मी समजत होतो, सूर लपवून ठेवतोय, मालाची किंमत राखतोय. मीही तेच केलं असतं. असंच केव्हातरी त्याने मला सादिक म्हणायचं सोडलं. माझ्या थोरल्या मुलावरून अबू रेहान, म्हणजे रेहानचा बाप, म्हणू लागला. तेही मी भाव वाढवण्यातच धरलं.

आठ महिने झाले. निखिल टेकीला आला होता. "काका, ओपनिंग पुढच्या आठवड्यात आहे. रविवारपर्यंत पीस पोचला नाही तर मी दुसरीकडून घेतो. सॉरी." त्या शुक्रवारी मी ठरवूनच निघालो: आज सौदा पुरा करायचा.

कातडं शेकलं, राळ लावली, बसलो. एक पूर्ण चाल वाजवली, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. तो नेहमीप्रमाणे गायला. शेवटचा सूर संपल्यावर मी कोपराबद्दलच्या शिवीची वाट पाहत राहिलो.

त्याने कॉफीसाठी कप पुढे केला.

"काय चुकलं?" मी विचारलं.

"काही नाही. माशाअल्ला. छान."

आठ महिने नावं ठेवणारा माणूस वाहवा करत होता! म्हणजे हा जाणार. सौदा मोडला. माझा आवाज चढला. "काही नाही कसं? कोपर बघा! मनगट बघा! मधे एकदा बोट घसरलं, ऐकलं नाहीत?"

"ऐकलं. छान घसरलं."

"तुम्हाला विकायचाच नव्हता! आठ महिने कॉफी ओतून घेतलीत माझ्याकडून!"

"ओरडू नकोस, मेंढ्या बिचकतात," तो शांतपणे म्हणाला. "पहिल्या दिवशी तू याला नावं ठेवली होतीस. सांग पुन्हा. भाव पाडायचाय ना?"

मी तोंड उघडलं. ठिगळ म्हणणार होतो. पण ठिगळ आहे म्हणूनच खालचा सूर असा घोगरा, माणसाच्या गळ्यासारखा येतो, हे आता मला माहीत होतं. खुंटी वाकडी, म्हणून हिवाळ्याच्या कोरड्या हवेतही ती सरकत नाही. चिकट दांडा, ती अंगठ्याची जागा. तार एका बाजूला जाड, म्हणून तर गज तिथे बसतो. मी दोन वेळा रबाबा उलटापालटा केला. अठ्ठावीस वर्षांच्या धंद्यात असं कधी झालं नव्हतं. मला खोट सापडेना.

"यात खोट नाही," मी म्हणालो. "सुंदर आहे."

शब्द तोंडातून गेले आणि मला माझी चूक कळली. त्याच्या बैठकीत, त्याच्या चुलीशी बसून मी त्याच्या वस्तूची तारीफ केली होती.

"जाक," अबू मुतलक म्हणाला. क्षणाचाही वेळ लावला नाही त्याने.

"नको नको. असं नाही. मी विकत घेतो."

"भेट आहे."

मी निखिलचा भाव सांगितला. त्याने मान हलवली. मी दीडपट केला. तो म्हणाला, "फुकट." मी दुप्पट म्हणालो. "फुकट," तो म्हणाला. अशी घासाघीस मी जन्मात केली नव्हती. घेणारा वर चढतोय आणि देणारा शून्यावरून हलत नाही! तिसऱ्यांदा नको म्हणून मी उठायला लागलो, तेव्हा त्याने बाहीतून डावा हात बाहेर काढून चुलीसमोर धरला. दोन बोटं वळलेली, लाकडासारखी.

"तीन हिवाळे झाले," तो म्हणाला. "तीन हिवाळे भिंतीवर आहे हा. भिंतीवर असला की माझाही तुझ्या दुकानातल्यांसारखाच दिसतो."

कॉफीची किटली डाव्या हाताने ओततात. इथे सगळे तशीच ओततात, उजव्या हाताने कप देतात. आठ महिने मी ओतत होतो, आणि मला धाकटा म्हटलं म्हणून मनातल्या मनात खूशही होत होतो. मी, जो किटलीच्या बुडातली केसाएवढी भेग अंधारात बोटाने ओळखतो, त्याने हा हात एकदाही पाहिला नव्हता. मी रबाबाकडे बघत होतो.

"मुलं?" मी विचारलं.

"रियाधला आहेत. चांगली आहेत. येतात तेव्हा त्याचा फोटो काढतात, सुंदर म्हणतात." तो हसला. "तू चिडका आहेस, अबू रेहान. कंजूष आहेस. कंदिलाच्या काचेला दुप्पट मागतोस. कोपर तर देवाने घाईत लावलंय. आठ महिने मी तुला नावं ठेवली. नावं ठेवणारा काय करतो म्हणाला होतास?"

मी रबाबा उचलला. उचलताना पकडला नाही, एवढं मला आठवतं.

रविवारी निखिलला फोन करून सांगितलं, रबाबा भेट मिळालाय, विकता येणार नाही. "काका, तुम्ही आठ महिने म्हणताय पाठवतो!" तो म्हणाला. "तुम्हाला मिळालाय ना? मग प्रॉब्लेम काय? भेट वगैरे कुणाला कळणार आहे? मी रिसेप्शनच्या मागेच लावणार, काचेत, कुणी हात लावणार नाही." शेवटचं वाक्य ऐकून मी त्याला इतकं बोललो की जुबेदा धावत आली. मग थंड झालो आणि त्याला प्लायवूडचा एक पाठवला, चहाचे दोन जादा हात देऊन. गजाला खोबरेलही चोळलं, सवयीने. तो आता स्पॉटलाइटखाली लटकतो. येणारे जाणारे सगळे त्याची वाहवा करतात, निखिल सांगत होता. करणारच.

आणि माझी तक्रार ही. मी विकत घ्यायला गेलो आणि हातात अशी वस्तू घेऊन आलो जी विकता येत नाही, टाकता येत नाही, आणि भिंतीवर लावली तर म्हाताऱ्याला लगेच कळेल, कारण कातडं सैल पडतं. दर शुक्रवारी ती गाडीत घालून तिकडे न्यावी लागते. पेट्रोल माझं, राळ माझी. कॉफी अजून मीच ओततो. तो नुसता बसतो आणि गातो. अठ्ठावीस वर्षांत एवढा वाईट सौदा मी केला नाही, आणि समोरच्याने एक रियालसुद्धा घेतला नाही, त्यामुळे भांडायलाही जागा नाही.

मागच्या महिन्यात कामामुळे दोन शुक्रवार चुकले. तिसऱ्या शुक्रवारी पोचलो तर अबू मुतलक दारातच उभा होता. सलाम झाला, हालहवाल झाली. मी कातडं शेकलं, बसलो, गज टेकवला. त्याने डोळे मिटले. मला एकदम भीती वाटली, आज हा छान म्हणतो की काय.

"कोपर," अबू मुतलक म्हणाला.

मी कोपर सैल सोडलं आणि वाजवायला लागलो.